कर्ज त्याचं, घर दोघांचं

प्रश्न: माझं वय ३१, नोकरी हिंजवडीत, हातात ६२ हजार येतात. चार वर्षांपासून ज्याच्याबरोबर आहे त्याचा पगार ५८ हजार. वाकडला टू बीएचके पाहिलाय. भाडं २८ हजार, डिपॉझिट एक लाख. लग्न पुढच्या वर्षी करायचं म्हणतोय, पण त्याआधी एकत्र राहायला लागावं असं दोघांनाही वाटतं. त्याच्या पर्सनल लोनचे साडेचार लाख बाकी आहेत (हप्ता १५,४००, अजून तीन वर्षं), बाइकचा हप्ता ४,२०० आहे आणि दोन क्रेडिट कार्डांवर मिळून १ लाख ४० हजार आहेत. कार्डांचं तो दर महिन्याला ‘मिनिमम’ भरतो. डिपॉझिट मी भरावं असं त्याचं म्हणणं. माझी तीन लाखांची एफडी आहे. ती मोडून कार्डं फेडून टाकू, की त्याचं कर्ज फिटेपर्यंत थांबू? (पुणे)

उत्तर: तीन वर्षं थांबायची गरज नाही. पण हा फ्लॅट घेऊ नका आणि एफडीला हात लावू नका.

आधी त्याच्या पगाराचं काय होतं ते मांडू. लोन १५,४००, बाइक ४,२००, कार्डांचं मिनिमम ५ टक्क्यांनी ७,०००. झाले २६,६००, म्हणजे पगाराचे जवळपास ४६ टक्के. उरले ३१,४००. निम्मं भाडं १४ हजार. किराणा, वीज, गॅस, कामवाल्या मावशी यांतला निम्मा वाटा ९ हजार धरा. हातात ८,४००. पेट्रोल, मोबाइल, कपडे, घरी पाठवायचे पैसे, सगळं त्यातच. एखाद्या महिन्यात डेंग्यूने दवाखान्यात राहावं लागलं, की पैसा दोनच ठिकाणांहून येणार: पुन्हा कार्डावरून, नाहीतर तुमच्याकडून. एकत्र राहायला लागल्यावर सहा-आठ महिन्यांत भांडणं सुरू होतात ती इथून. माणूस उधळ्या असावा लागत नाही.

यातलं खरं दुखणं म्हणजे कार्डं. महिना साडेतीन टक्के धरले तर १ लाख ४० हजारांवर व्याज ४,९००. त्यावर १८ टक्के जीएसटी ८८२. मिळून ५,७८२. तो भरतो ७,०००, म्हणजे मुद्दलातून सुटले फक्त १,२१८ रुपये. शिवाय मागची बाकी असताना नव्या खरेदीला बिनव्याजी मुदत मिळत नाही, खरेदीच्या दिवसापासूनच व्याज चढतं. त्यामुळे महिन्याला दीड हजाराचं पेट्रोल त्याच कार्डावर टाकलं तर बाकी घटायच्या ऐवजी वाढते.

उपाय तुमच्या एफडीत नाही, त्याच्या पगार खात्याच्या बँकेत आहे. १ लाख ४० हजारांचं वेगळं पर्सनल लोन १६ टक्क्यांनी २४ महिन्यांसाठी मिळालं, तर हप्ता येतो साधारण ६,८५५. आज मिनिमम म्हणून जातात त्याहून कमी, आणि दोन वर्षांत कार्डांची बाकी शून्य. प्रोसेसिंग फी किती ते आधी विचारा. कार्ड कंपनीने बिलाचेच हप्ते करून देऊ केले तर त्या व्याजावर जीएसटी लागतो, तो धरून तुलना करा. मात्र बाकी फिटली की एक कार्ड त्याच आठवड्यात बंद करायचं आणि दुसऱ्याची मर्यादा २५ हजारांवर आणायची. बाकी शून्य असताना अर्ज केला तर रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार सात कामकाजी दिवसांत कार्ड बंद व्हायला हवं, नाहीतर पुढच्या प्रत्येक दिवसाला ५०० रुपये दंड कार्ड देणाऱ्याने द्यायचा. ही पायरी राहिली की वर्षभरात नवं लोनही असतं आणि कार्डंही पुन्हा भरलेली असतात. कर्ज एकत्र करण्याचे बेत बहुतेक इथेच फसतात.

एफडीबद्दल आणखी एक गोष्ट. लग्नाआधी तुम्ही कायद्याने त्याच्या ‘नातेवाईक’ नाही. एका आर्थिक वर्षात ५० हजारांच्या वर दिलेली भेट त्याच्या उत्पन्नात धरली जाते आणि तिच्यावर कर लागतो. नवरा-बायकोला ही अडचण नाही. तरी मदत करायचीच असेल तर ती उसनी म्हणून करा: रक्कम बँकेतून थेट त्याच्या कार्ड खात्यात, आणि किती, कधी, कसे परत करायचे याची त्याच्या सहीची वचनचिठ्ठी. २० हजार किंवा त्याहून जास्त उसने रोखीने घ्यायला आयकर कायद्यात मनाई आहे.

आता कागद. सिबिल, एक्सपीरियन, इक्विफॅक्स आणि सीआरआयएफ हायमार्क या चारही कंपन्यांनी वर्षातून एकदा संपूर्ण क्रेडिट रिपोर्ट (कर्जं कोणती आणि हप्ते वेळेवर गेले का, याची नोंद) फुकट द्यायचा असतो. त्याने तो स्वतःच्या मोबाइलवर काढावा आणि दोघांनी शेजारी बसून वाचावा. तुमचा रिपोर्टही त्याला दाखवा. स्कोअरचा आकडा ३०० ते ९०० च्या मधला असतो, पण त्यावर अडकू नका. प्रत्येक कर्जाखाली महिन्यांचे चौकोन असतात, हप्ता किती दिवस उशिरा गेला ते त्यात लिहिलेलं असतं. ‘०००’ किंवा ‘एसटीडी’ म्हणजे ठीक. ०३०, ०६० असे आकडे सलग दिसले तर कोणत्या महिन्यांत आणि का, ते विचारा. ‘सेटल्ड’ म्हणजे बँकेने कमी पैशांत तडजोड केली. कर्ज फिटलं असा त्याचा अर्थ नाही, आणि उद्या गृहकर्ज मागाल तेव्हा हाच शब्द आडवा येतो. शेवटी चौकशांची यादी असते. सहा महिन्यांत सात-आठ ठिकाणी कर्ज मागितलेलं दिसलं तर पैशांची खूप ओढाताण चालली आहे असं समजा. तो कुणाला जामीन राहिला असेल तर तेही बहुधा इथेच दिसतं.

रिपोर्टात न येणारं कर्ज तोंडीच विचारावं लागतं: मित्रांकडून हातउसने, सोनाराकडे गहाण, आणि भिशी. वीस जणांची पाच हजारांची भिशी चौथ्या महिन्यात उचलली असेल तर अजून १६ हप्ते, म्हणजे ८० हजार देणं आहे; आणि भिशीला कुणी कर्ज म्हणत नाही. मग सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट पाहा. ‘रिटर्न’ शब्द असलेले (हप्ता परत गेल्याचे) दंड, पगाराच्या दुसऱ्या दिवशी एटीएममधून काढलेली मोठी रक्कम, एकाच अनोळखी यूपीआयवर पुन्हापुन्हा गेलेले पैसे, ही प्रश्न विचारायची ठिकाणं आहेत. समजा बहिणीच्या लग्नासाठी काढलेलं असेल, तर साडेचार लाखांचं कर्ज आम्हाला घाबरवत नाही. कशासाठी काढलं हे सांगता न येणारे ४० हजार घाबरवतात.

घर असं घ्या, की दोन महिने तुम्हाला एकटीला भाडं भरावं लागलं तरी एफडी मोडावी लागू नये. आत्ता टू बीएचके नको, वन बीएचके बघा. भाडेकरारावर दोघांचीही नावं घाला. तसं केल्यावर मालक पूर्ण भाडं कुणाही एकाकडे मागू शकतो, हे खरं. पण नाव फक्त त्याचं असेल तर उद्या घर सोडायची वेळ आल्यावर तुमच्या हातात एकही कागद नसतो. डिपॉझिट तुम्ही भरणार असाल तर ‘रक्कम अमुकच्या खात्यातून आली, परत त्याच खात्यात’ हे वाक्य करारात घालून घ्या. लिव्ह अँड लायसन्सचा करार नोंदवणं महाराष्ट्रात सक्तीचं आहे. मुद्रांक शुल्क एकूण भाडं आणि डिपॉझिटवरचं वर्षाला १० टक्के मानलेलं व्याज यांच्या बेरजेवर ०.२५ टक्के. तुम्ही पाहिलेल्या फ्लॅटला ११ महिन्यांचे ८०० रुपयांच्या आत, वर शहरात नोंदणी फी १,०००. एवढ्यासाठी साध्या नोटरीवर भागवू नका.

त्याच्या कर्जाला तुम्ही जबाबदार होत नाही, आता नाही आणि लग्नानंतरही नाही, जोवर सहकर्जदार किंवा जामीनदार म्हणून तुमची सही नाही. म्हणून ती सही नको, तुमच्या कार्डावर त्याचं ॲड-ऑन कार्ड नको, आणि ज्या बँकेचं तो देणं लागतो तिथे संयुक्त खातं नको. एखाद्या लोन ॲपवर त्याने तुमचा नंबर ‘रेफरन्स’ म्हणून दिला असेल तर त्याने तुम्ही देणेकरी होत नाही. वसुलीवाल्यांना सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर कर्जदारालाही फोन करता येत नाही, घरच्यांना त्रास देणं तर मुळीच नाही. तसं झालं तर आधी बँकेकडे लेखी तक्रार करा, आणि ३० दिवसांत दाद लागली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा.

प्रश्न: मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. लग्न ठरलंय. होणाऱ्या यजमानांना जुनी उसनवारी फेडायला पतसंस्थेतून सहा लाख काढायचे आहेत. जामीनदार म्हणून ‘नुसती सही’ मागतायत. नाही म्हटलं तर बरं दिसणार नाही. (सांगली)

उत्तर: ताई, ही नुसती सही नसते. करार कायद्याच्या कलम १२८ प्रमाणे जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराएवढीच असते. संस्थेला आधी त्यांच्याकडे मागून मग तुमच्याकडे यावं लागत नाही. थकलं की महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्याच्या कलम १०१ खाली वसुली दाखला निघतो, त्यात जामीनदाराचंही नाव असतं आणि पहिली नजर नियमित पगारावर जाते. कर्ज वाटलं गेल्यावर मन बदललं म्हणून तुम्हाला एकतर्फी बाहेर पडता येत नाही. उद्या तुम्हाला घरासाठी कर्ज हवं झालं तर हे सहा लाख तुमच्या नावापुढेही मोजले जातील.

बरं दिसण्याचं म्हणाल, तर आकडे मागणं वाईट दिसत नाही. उसनवारी कुणाची, किती, शेकडा कितीने, याची यादी मागा. ‘शेकडा पाच’ हे महिन्याचं असतं, वर्षाला ६० टक्के. देणारा विनापरवाना सावकार असेल तर २०१४ च्या सावकारी नियमन कायद्याखाली तो गुन्हा आहे, आणि तक्रार सहकार खात्याच्या तालुक्यातल्या सहायक निबंधकांकडे करता येते. कोरे धनादेश किंवा जमिनीचं खरेदीखत दिलंय का, हे नक्की विचारा. यादी पाहून मदत करावीशी वाटली तर पेलेल तेवढी ठरावीक रक्कम स्वतः द्या. ती बुडाली तरी तेवढीच बुडेल.

प्रश्न: माझी होणारी बायको मूळची गोव्याची, लग्नाची नोंदणी तिथेच करायची आहे. माझ्या धंद्यावर १२ लाखांचं कर्ज आहे. तिच्यावर काही येईल का? (मडगाव)

उत्तर: गोव्यात वेगळा करार केला नसेल तर लग्नानंतर नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक धरली जाते. त्यामुळे ‘सही नसेल तर जोडीदाराच्या कर्जाची जबाबदारी नाही’ हे पहिल्या प्रश्नाला दिलेलं उत्तर तुम्हाला जसंच्या तसं लागू पडत नाही. मालमत्ता वेगळी ठेवायची तर विवाहपूर्व करार लग्नाच्या आधीच, साध्या नोटरीसमोर नव्हे तर सब-रजिस्ट्रार कार्यालयातल्या विशेष नोटरीसमोर व्हावा लागतो. लग्न झाल्यावर तो करता किंवा बदलता येत नाही. तेव्हा सिव्हिल रजिस्ट्रारकडे जायच्या आधी कर्जाची मंजुरीपत्रं आणि धंद्याचे ताळेबंद घेऊन गोव्यातल्या वकिलाकडे जा. तिलाही बरोबर न्या, आणि तिने स्वतःचा वकील वेगळा केला तर उत्तमच.