अंडी डिसेंबरात लाव

भाऊ, गर्भ घडवणाऱ्या बीएमपी, नॉगिन या प्रथिनांची नावं घोकू नकोस. आधी 48 तास उबवलेलं कोंबडीचं अंडं अलगद फोड. बलकावर धडधडणारं इवलं हृदय बघ. मग विचार, पेशींचे संदेश अडवतं कोण?

1924 साली स्पेमान आणि हिल्डे मॅन्गोल्ड या जर्मन शास्त्रज्ञांचा प्रयोग छापून आला. न्यूट या पालीसारख्या दिसणाऱ्या उभयचराच्या गर्भाचा छोटा तुकडा दुसऱ्या गर्भावर लावला, तर तिथे दुसरा मज्जारज्जू तयार झाला! तो लावलेला तुकडा कॉर्डिन, नॉगिन ही प्रथिनं स्रवतो, हे खूप नंतर कळलं. ती बीएमपी या संदेश देणाऱ्या प्रथिनाला पेशीबाहेरच धरून ठेवतात. संदेश पोचत नाही, म्हणून त्वचेऐवजी चेतापेशी घडतात. हे नीट समजून घे, पुढचं सोपं जातं.

आणि जळगावच्या मे महिन्यात अंडी लावू नकोस. खोलीच 42 अंशांवर जाते. अंडी उबवायचा साधा इन्क्युबेटर तापवतो, गार करत नाही. माझी अख्खी बॅच मेली होती.