रांजणातले खडे

‘बाबांना आता एक संधी द्यायलाच हवी ना?’ हा प्रश्न समुपदेशक म्हणून माझ्याकडे वरचेवर येतो. कधी बाबांच्या जागी नवरा असतो, कधी घर गहाण टाकून बसलेला भाऊ, कधी सासू. शब्द मात्र तेच. त्यातलीच ही एक गोष्ट. ओळख पटेल असे तपशील अर्थातच बदलले आहेत.

ती छत्तीस वर्षांची. वडील पिऊन आले की आईला मारायचे, मध्ये पडली तर हिलाही. आता अकरा महिने दारू बंद होती, ‘एए’च्या (अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, दारू सोडू पाहणाऱ्यांचा गट) मीटिंगना जात होते आणि नातवाला भेटायचं म्हणत होते. मामा, आत्या, सगळ्यांचं एकच टुमणं : वाल्याचा वाल्मीकी झालाय, तू काय धरून बसलीस?

पहिल्या दोन भेटींत मी तिच्या बोलण्यातला ‘च’ तेवढा टिपत होतो. ‘माफ केलंच पाहिजे.’ ‘मुलगी आहे, मला जमायलाच हवं.’ मानसोपचारतज्ज्ञ अल्बर्ट एलिसच्या विवेकनिष्ठ वाटेनं जाणाऱ्याचा कान या ‘च’ला तयार झालेला असतो, आणि तो सापडला की मनातल्या मनात थोडं बरंही वाटतं. ‘माफ करता आलं तर बरं’ म्हणणारा माणूस विचार करू शकतो. ‘केलंच पाहिजे’ म्हटलं की एक तर अपराधी वाटतं, नाही तर डोकं फिरतं. तिचं दोन्ही आळीपाळीनं चाललं होतं.

तिसऱ्या भेटीत म्हणालो, ‘वाल्याची गोष्ट सांगा बरं, पहिल्यापासून.’

तिनं सांगितली. वाटमारी, दर पापामागे एक खडा, भरलेले सात रांजण, नारद, पापात वाटेकरी व्हायला घरच्यांनी दिलेला नकार, ‘मरा मरा’, वारूळ.

‘आणि त्या रांजणांचं पुढे काय झालं?’

तिनं पाण्याचा पेला उचलला आणि न पिताच खाली ठेवला. ‘ते कुणी सांगितलंच नाही कधी.’ बऱ्याच वेळानं म्हणाली, ‘सर, त्यातला एक खडा मी आहे. एक आई.’

मला विचाराल तर गाठ इथेच आहे. खलनायकाच्या उद्धाराची गोष्ट आपण त्याच्याच बाजूनं ऐकतो. लुटले गेलेले परत येतच नाहीत, म्हणून ती इतकी गोड लागते. माणसं मारणाऱ्या दरोडेखोर अंगुलिमालाची कथा याहून प्रामाणिक वाटते. भिक्खू झाल्यावरही भिक्षेला गेला की त्याला दगड लागतात, डोकं फुटतं, आणि बुद्ध त्याला म्हणतात, सोस. दगड मारणाऱ्यांना कुणी ‘माफ करा’ म्हणून दटावत नाही. १९५७च्या ‘दो आँखें बारह हाथ’ या चित्रपटामागे आटपाडीजवळच्या स्वतंत्रपूरचा, औंध संस्थानातला, खुल्या तुरुंगाचा प्रयोग होता. तिथेही खुनाच्या कैद्यांना संधी दिली ती संस्थानानं. मेलेल्यांच्या घरच्यांकडे कुणी ती मागितली नाही.

सुधारायची संधी प्रत्येकाला मिळावी, असंच मी मानतो. कृत्य वाईट म्हणून अख्खा माणूस वाईट ठरत नाही. पण ती संधी ज्याला मार बसला त्यानंच द्यावी, हे कुठून आलं?

मग आम्ही माफी, विश्वास आणि भेट वेगवेगळी केली. माफी तिच्या मनातली. ती न बोलताही होते, न होताही चालतं. विश्वास वागण्यावरून हळूहळू बसतो, त्याला अकरा महिने थोडेच. राहिली भेट, तर ती निव्वळ व्यवस्थेची बाब. पहिली भेट दिवसा, हॉटेलात, पाऊण तास. नातू सोबत नाही. पैशांचा विषय नाही. ती तिच्या गाडीनं येणार, म्हणजे मध्येच उठता येईल. वडिलांचा पाय घसरला तर पुढची भेट पुढे जाईल, हे आधीच कळवायचं. सहसा बिघडतं ते दिवाळीत किंवा लग्नघरात भेट ठरवल्यानं. चार नातेवाईक बघत असताना ‘नाही’ म्हणता येत नाही. मध्यस्थ मामालाही त्या दिवशी घरीच ठेवावं. (मारहाण अजून चालू असेल तर यातलं काहीच करू नका, आधी तातडीच्या मदतीचा ११२ किंवा महिला हेल्पलाइनचा १८१.)

वडिलांसाठी निरोप एवढाच होता : काय केलं ते नेमकं सांगा, ‘पण’ लावू नका, उत्तर मागू नका. ‘एए’च्या बारा पायऱ्यांतल्या नवव्या पायरीतही असंच पथ्य आहे. भरपाई करावी, पण तिनंच समोरच्याला इजा होणार असेल तर नाही.

ते कागद घेऊन आले होते. तीन प्रसंग, तारखांसकट. तिनं वाचला. म्हणाली, ‘यात दोन राहिलेत.’ त्यांनी कारण दिलं नाही. कागद उलटा केला, खिसे चाचपले. तिनं पर्समधलं पेन काढून दिलं.