मायनस आलं की हिची गाडी अडते

"मॅडम, बाकी सगळ्यात हुशार आहे हो, पण गणितात मायनस आलं की हिची गाडी अडते, डिस्कॅल्क्युलिया तर नसेल ना?" आठवीतल्या मुलीची आई विचारत होती. हा प्रश्न मला बरेच पालक विचारतात आणि हल्ली मोबाईलवर वाचून नाव पण पाठ करूनच येतात (डिस्कॅल्क्युलिया म्हणजे आकडे आणि हिशोब समजण्यातच मुळात अडचण असणं).

मुलगी खाली मान घालून बसलेली. आईंना बाहेर बसायला सांगितलं आणि तिच्याकडे रफ वही मागितली, फेअर वहीत काही कळत नाही, खरं काय ते रफ वहीतच असतं.

गणित होतं -३क्ष + ७ = १९ (वहीत एक्स होता, मी आपलं जुन्या सवयीने क्ष लिहिते). तिने ७ पलीकडे नेले, -३क्ष = १२, इथपर्यंत एकदम बरोबर आणि खाली उत्तर क्ष = ४. पुढचं -५क्ष = २०, त्याचंही ४. त्याच्या पुढचंही तसंच चुकलेलं. म्हटलं हे कसं आलं गं? तर म्हणाली, "-३ पलीकडे गेला ना, मग चिन्ह बदललं, प्लस ३ झाला."

म्हणजे पोरगी धांदरट नाही, उलट "बाजू बदलली की चिन्ह बदलतं" हे जरा जास्तच इमानदारीने पाळत होती, ते फक्त बेरीज-वजाबाकीपुरतं आहे हे कुणी नीट सांगितलंच नव्हतं. इथे -३ क्षला गुणलेला आहे, त्यामुळे दोन्ही बाजूंना -३ ने भागायचं, उत्तर -४.

मी विचारलं, ऋण म्हणजे काय? "मायनस." आणि नेहमीच्या मराठीत? जरा थांबून म्हणाली, "कर्ज?" बरोबर, आपल्या जुन्या गणितज्ञ ब्रह्मगुप्ताने ६२८ साली धन आणि ऋण हेच शब्द वापरून नियम लिहिलेत. मग तिचंच ४ घालून ताळा करायला लावला. उधारी १२, हातात ७, किती झाले? "५ द्यायचे राहिले." आणि पाहिजे होते १९! तेव्हा कुठे हसली. मायनस गुणिले मायनस प्लस का, तेही असंच पटलं, ४ रुपयांच्या ३ उधाऱ्या माफ झाल्या तर १२ चा फायदाच की.

आईंना सांगितलं, डिस्कॅल्क्युलियात अडचण सहसा लहानपणापासून आणि साध्या आकड्यांतच दिसते, मोठी संख्या कुठली, घड्याळ, सुट्टे पैसे. तसं असेल तर तपासणी करून घ्याच. ही दुकानातून हिशोबाने सुट्टे आणते. घरी दोन आठवडे "पलीकडे ने" म्हणायचंच नाही, दोन्ही बाजूंना काय केलं ते लिहायचं, प्रत्येक गणिताचा ताळा करायचा, आणि बाबांनी शेजारी बसून उसासे टाकायचे नाहीत (हे खरं तर पहिल्या नंबरला सांगायला हवं होतं).

दोन आठवड्यांनी आली तेव्हा १० पैकी ८ बरोबर. चुकलेली दोन्ही कंसाबाहेर मायनस असलेली, -(क्ष - ५) चं तिने -क्ष - ५ केलेलं, पण ताळा जमत नाही म्हणून स्वतःच पेन्सिलने गोल करून आणलेली.