विज्ञानाच्या नव्या शिक्षकांसाठी: पहिल्याच तासाला काय सांगाल

भौतिक विज्ञानाचा वर्ग पहिल्यांदाच घेणार असाल, तर नियमांची लांबलचक यादी भिंतीवर लावू नका. ती कोणी वाचत नाही. मोजकेच नियम सांगा, पण प्रत्येकामागचं कारण सांगा. परीक्षानळी एक तृतीयांशापेक्षा जास्त भरायची नाही, तिरकी धरून हलवत तापवायची आणि तिचं तोंड कोणाकडेही नसावं, कारण तळाशी एकदम वाफ झाली की द्रव उसळून बाहेर येतो. आम्ल पाण्यात घालायचं, थोडं थोडं, ढवळत. उलट केलं तर निघालेल्या उष्णतेने आम्ल अंगावर उडतं. तापलेली काच गार काचेसारखीच दिसते, म्हणून उचलण्याआधी हाताची मागची बाजू जवळ नेऊन बघायची. संरक्षक चष्मा भांडी धुऊन होईपर्यंत डोळ्यांवरच.

खरी मेहनत मात्र प्रयोगवहीवर घ्या. वाचन थेट वहीत, पेनने, एककासह. चुकलं तर एक आडवी रेघ मारायची. खोडलेला आकडाच पुष्कळदा बरोबर निघतो. लंबकाचंच घ्या. मुलं एकाच दोलनाचा वेळ मोजतात आणि स्टॉपवॉच दाबण्यातली सुमारे 0.2 सेकंदाची चूक जशीच्या तशी उत्तरात उतरते. 20 दोलनं मोजून भागाकार केला की ती 0.01 सेकंदावर येते. मोजणी 'शून्य'पासूनच करायला लावा. 'एक' म्हणत घड्याळ सुरू केलं की 19च दोलनं भरतात. आणि उत्तर पुस्तकाशी जुळलं नाही म्हणून गुण कापू नका, नाहीतर पुढच्या वेळी आकडे बनवून आणतील.