‘बाथरूममध्ये बोलू नये’: न्हाणीघर, संडास की मोरी?

प्रश्न असा आला आहे. एका ज्यू घरातल्या आठवणींचा मराठी अनुवाद चालू आहे. त्यातली आजी नातवंडांना बजावते की बाथरूममध्ये बोलायचं नाही. पुढे हीच आजी नातवाला आंघोळ घालताना त्याच्याशी भरपूर गप्पा मारते; फक्त त्याने ‘शालोम’ (हिब्रूतला नमस्कार) म्हटलं की त्याला अडवते. मग बाथरूमला न्हाणीघर म्हणावं की संडास? आणि या न बोलण्याला मौन म्हणावं, अबोला म्हणावं की सोवळं?

आजीच्या वागण्यात काही विसंगती नाही. घोळ ‘बाथरूम’ या शब्दाने घातला आहे. ज्यू धर्मशास्त्रात या दोन वेगळ्या जागा आहेत आणि दोन्हींचे नियम वेगळे आहेत. आपणही हल्ली ‘जरा बाथरूमला जाऊन येतो’ म्हणतो तेव्हा आंघोळीला जात नसतो, त्यामुळे मूळ वाक्य वाचून गोंधळ होणं साहजिक आहे.

पहिली जागा म्हणजे हिब्रूत ‘बेत हकिसे’. शब्दशः अर्थ ‘खुर्चीचं घर’. थोडक्यात, बसायची जागा. (आजच्या इस्राएलमध्ये बोलताना ‘शेरुतीम’ म्हणतात, म्हणजे ‘सेवा’. कुठल्याही भाषेत या जागेचं नाव सरळ घेववत नाही. आपल्याकडेही परसाकडे, बहिर्दिशेला, झाड्याला अशी वळणं आहेतच.) गप्प राहायचं ते इथे. तालमूद हा ज्यूंचा प्राचीन धर्मचर्चेचा ग्रंथ. त्याच्या ब्राखोत या भागात तिबेरिया गावातल्या एका शौचकूपाची गोष्ट आहे. तिथे दोघे मिळून भरदिवसा गेले तरी त्यांना भुताखेतांची बाधा व्हायची. रब्बी (म्हणजे धर्मपंडित) अम्मी आणि रब्बी अस्सी मात्र तिथे एकेकटे जात आणि त्यांना काही होत नसे. भीती वाटत नाही का, असं विचारल्यावर ते म्हणाले की आम्हाला परंपरेने एक तोडगा शिकवला आहे. त्यांचे अरामी शब्द ‘त्सनीउता’ आणि ‘श्तीकुता’. पहिल्याला मी ‘आडोसा’ म्हणेन, कारण ‘शालीनता’ म्हटलं की संडास डोळ्यांसमोरून जातो आणि व्याख्यान सुरू होतं. दुसरा अर्थातच ‘गप्प राहणं’.

या गप्प राहण्याचा खरा कस लागतो तो बाहेर दुसरा माणूस येऊन उभा राहिला की. त्याच भागात राव साफ्रा (‘राव’ हीही रब्बीसारखीच पदवी) यांचा किस्सा आहे. ते आत बसलेले असताना रब्बी अब्बा आले आणि दाराशी खाकरले. आपल्याकडे वडीलधारी माणसं घरात शिरताना खाकरून चाहूल देत, तसंच. आतून राव साफ्रा म्हणाले, ‘यावं महाराज.’ बाहेर आल्यावर अब्बांनी त्यांना चांगलंच सुनावलं: अजून सेईरला (म्हणजे परक्या एदोमी लोकांच्या मुलखात) गेला नाहीत, पण तिकडच्या सवयी मात्र उचलल्यात! मग त्यांनी दाखला दिला तो जेरुसलेमच्या मंदिरातल्या शौचकूपाचा. त्याला ‘मानाचं’ म्हणत, आणि त्याचा मान इतकाच होता की दार बंद दिसलं तर आत कोणीतरी आहे आणि उघडं दिसलं तर कोणी नाही. कोणाला विचारायला नको की कोणी उत्तर द्यायला नको. राव साफ्रांनाही स्वतःची बाजू होती. बाहेरच्याने अडवून धरलं तर जलोदर होतो, असं तेव्हा मानत. ते टाळायला त्यांनी तोंड उघडलं. मला तर साफ्राच जवळचे वाटतात.

आता याच्या अगदी उलट नियम पाहा. त्सिपोरी गावात रब्बी योसे यांनी असं ठरवून दिलं की बायकांनी बेत हकिसेमध्ये एकमेकींशी बोलत राहावं. ही ठिकाणं गावाबाहेर रानात असत. आतून आवाज आला म्हणजे आत बायका आहेत हे कळेल, चुकून एखादा पुरुष शिरणार नाही आणि दोघं एकांतात सापडणार नाहीत. म्हणजे एके ठिकाणी आडोशासाठी बोलायचं नाही आणि दुसऱ्या ठिकाणी आडोशासाठीच बोलायचं. म्हणून अनुवादात ‘ज्यू धर्मात शौचालयात बोलणं हे पाप आहे’ अशी टीप देऊ नका. रावा नावाच्या पंडितांची तर आणखी मजा. त्यांची बायको, राव हिस्दांची मुलगी, नवरा आत गेला की बाहेर धातूच्या भांड्यात अक्रोड खुळखुळवायची, भुतं जवळ येऊ नयेत म्हणून. आत शांतता आणि बाहेर खुळखुळाट.

सोळाव्या शतकात हे सगळं नियमांच्या पुस्तकात येऊन बसलं. योसेफ कारो यांचा ‘शुल्खान आरूख’ हा ग्रंथ १५६५ मध्ये व्हेनिसला छापला गेला. त्यात बसेपर्यंत कपडे वर करू नयेत, असं आहे. त्यावर पोलंडमधल्या क्राकोचे रब्बी मोशे इसर्लिस यांनी आपली टीप जोडली: दोघांनी बरोबर जाऊ नये, तिथे बोलू नये आणि दार लावून घ्यावं. तुमच्या आजीचं ‘बोलायचं नाही’ हे थेट या टिपेतून आलेलं आहे. काही घरांत आतल्या माणसाला हाक मारली तर तो नुसता दारावर टकटक करतो किंवा खोकतो. आजीच्या घरीही तसं असेल तर ‘खाकरणे’ हा आपला शब्द तिथे चपखल बसेल.

दुसरी जागा ‘बेत हमेरखात्स’, म्हणजे आंघोळीची जागा. जुन्या ग्रंथात ती सार्वजनिक असते, तिला ‘हमाम’ म्हणा. तिथे गप्पांना मनाई नाही. मनाई आहे ती देवाधर्माच्या बोलण्याला, आणि त्यातही पायऱ्या आहेत. सगळे कपड्यात असतात त्या बाहेरच्या खोलीत प्रार्थनाही चालते. कोणी कपड्यात, कोणी उघडे अशा मधल्या खोलीत प्रार्थना नाही, पण नमस्कार-चमत्कार चालतो. सगळे उघडे असतात त्या आतल्या खोलीत तोही नाही. कारण ‘शालोम’ हे देवाचं नाव मानलं आहे: गिदोनने वेदी बांधून तिला ‘यहोवा शालोम’ असं नाव दिलं, असं बायबलच्या शास्ते या पुस्तकात आहे. म्हणून आजी नातवाला गप्पांबद्दल काही म्हणत नाही, ‘शालोम’ला मात्र अडवते. इथे अनुवादात ‘शालोम’ तसाच ठेवा. ‘नमस्कार’ घातलात तर अडवण्याचं कारणच उरणार नाही.

हमामातला सर्वांत प्रसिद्ध किस्सा अक्को शहरातला. रब्बान गमलीएल हे ज्यू पंडित तिथे आंघोळ करत होते आणि हमामात अफ्रोदिते या ग्रीक देवतेची मूर्ती होती. प्रोक्लोस नावाच्या माणसाने विचारलं, मूर्तीच्या हमामात तुम्ही कसे आंघोळ करता? गमलीएल म्हणाले, ‘हमामात उत्तर देत नाहीत.’ बाहेर आल्यावर मात्र ऐकवलं: मी तिच्या हद्दीत आलो नाही, तीच माझ्या हद्दीत आली. पुढे तालमूदच्या पंडितांना शंका आली की ‘उत्तर देत नाहीत’ हाही धर्मनियमच, मग तो तरी त्यांनी आत कसा सांगितला? निर्वाळा असा की तेवढंही ते बाहेर आल्यावरच बोलले. शब्दांचा असा काटेकोर हिशेब पाहिला की मला या लोकांचा हेवा वाटतो.

आपल्या फ्लॅटमध्ये कमोड आणि शॉवर एकाच चार भिंतींत असतात, तिथे ही खोली नक्की कुठली धरायची यावर आजचे रब्बी वाद घालतात. त्यात शिरायचं कारण नाही. एक तपशील मात्र सांगायलाच हवा. या जागी धर्माचा विचारसुद्धा मनात आणू नये असा नियम आहे. पण ज्याने दिवसभर पोथ्या वाचल्या त्याच्या डोक्यात दुसरं काय येणार? त्यावर पोलंड-बेलारूसकडच्या यिस्राएल मेईर कागान यांच्या ‘मिश्ना ब्रुरा’ या ‘शुल्खान आरूख’वरच्या टीकाग्रंथात तोडगा आहे: घरखर्चाचा हिशेब करावा. शब्बाथला, म्हणजे शनिवारच्या पवित्र विश्रांतीच्या दिवशी, हिशेब वर्ज्य, तर त्या दिवशी पाहिलेल्या सुंदर इमारती आणि चित्रं आठवावीत.

आता ‘मौन, अबोला की सोवळं’ याकडे. अबोला भांडणाचा असतो, तो बाद. सोवळ्याचा मोह होईल, कारण जानवं कानाला लावून गप्प बसणारे आजोबा अनेकांनी पाहिले आहेत आणि मनुस्मृतीतही (४.४९) मलविसर्जनाच्या वेळी वाणी आवरायला सांगितलं आहे. पण सोवळं शिवाशिवीशी बांधलेलं आहे. ज्यू शास्त्रात मानवी विष्ठा ही विटाळाच्या यादीतली वस्तू नाही. अडचण आहे ती घाणीपाशी पवित्र शब्द उच्चारण्याची. म्हणून ‘सोवळं’ आणि ‘विटाळ’ दोन्ही टाळा. ‘मौन’ चुकीचं नाही, पण त्याला व्रताचा वास आहे आणि कुठलीही आजी नातवाला ‘मौन पाळ’ म्हणत नाही. ती म्हणेल, ‘संडासात गप्प बसायचं हं.’

नवे जोडशब्द तर घडवूच नका. कोकणातल्या बेने इस्राएल या ज्यू समाजाने मराठीत आपल्या सिनेगॉगला, म्हणजे प्रार्थनास्थळाला, सरळ ‘मशीद’ म्हटलं. मुंबईच्या सॅम्युअल स्ट्रीटवरचं १७९६ सालचं सिनेगॉग ‘जुनी मशीद’ म्हणून ओळखलं जातं. तेव्हा पहिल्या ठिकाणी ‘संडास’ आणि आंघोळीच्या प्रसंगात ‘मोरी’ किंवा ‘न्हाणीघर’ बिनधास्त लिहा.

पुस्तकात पुढे दाराबाहेर लावलेल्या आशीर्वादाच्या पाटीचा उल्लेख आला, तर तो ‘आशेर यात्सार’ असणार. संडासातून बाहेर येऊन हात धुतल्यावर तो म्हणतात: ज्याने माणसाला शहाणपणाने घडवलं, त्याच्यात छिद्रं आणि पोकळ्या निर्माण केल्या, त्यातलं एखादं फुटलं किंवा तुंबलं तर जगणं अशक्य. ही पाटी आतल्या भिंतीवर नसते, त्यामुळे ‘संडासातली पाटी’ असं लिहू नका, ‘संडासाबाहेरची’ लिहा. आणि त्या घरात शालोम नावाचा कोणी मामा-काका असेल, तर त्याला हमामात नावाने हाक मारावी की नाही यावर पंडितांचे दोन तट आहेत. आजी कुठल्या तटात आहे ते मूळ मजकूरच सांगेल.