वाचकांचे प्रश्न : ‘मधुमेह कायमचा बरा’ सांगणारा व्हिडिओ

प्रश्न : माझ्या थोरल्या बहिणीला आठ वर्षांपासून मधुमेह असून ती इन्सुलिन घेते. समाजमाध्यमावरील एका व्हिडिओवरून तिने जेवण निम्म्यावर आणले आहे आणि आता इन्सुलिनही सोडणार म्हणते. व्हिडिओतील गृहस्थ स्वतःचे तपासणी अहवाल दाखवतात, म्हणून तिचा विश्वास बसला आहे. अशा माहितीची पारख कशी करावी?

उत्तर : इन्सुलिन तिने स्वतःच्या मनाने मुळीच सोडू नये, मात्र जेवण निम्मे झाले असताना डोस पूर्वीइतकाच राहिला, तर साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते, त्यामुळे आहारातील बदल डॉक्टरांना आजच कळवावा.

ते गृहस्थ कदाचित खरेच बोलत असतील, आणि अडचण नेमकी तिथेच आहे. ‘डायरेक्ट’ या ब्रिटनमधील अभ्यासात अत्यल्प उष्मांकांच्या आहाराने वजन उतरवल्यावर सुमारे 46 टक्के रुग्णांची साखर वर्षअखेरीस औषधांविना आटोक्यात होती. हे निष्कर्ष 2017 मध्ये प्रसिद्ध झाले. परंतु त्या सर्वांना टाइप 2 मधुमेह (ज्यात शरीर इन्सुलिन तयार करते, पण ते पुरे पडत नाही) होता, निदान होऊन सहा वर्षांहून अधिक काळ लोटलेला नव्हता आणि कोणीही इन्सुलिनवर नव्हते, म्हणजे आपल्या बहिणीला त्या अभ्यासात प्रवेशच मिळाला नसता. शिवाय दोन वर्षांनी ते प्रमाण 36 टक्क्यांवर आले, म्हणूनच डॉक्टर या अवस्थेला ‘बरा झाला’ असे न म्हणता ‘रेमिशन’, म्हणजे आजार सध्या आटोक्यात आहे पण परतू शकतो, असे म्हणतात. तिचा मधुमेह टाइप 1 (ज्यात शरीर इन्सुलिन जवळजवळ तयारच करत नाही) असेल, तर इन्सुलिन थांबवल्यावर रक्तात कीटोन ही आम्लधर्मी द्रव्ये साचून काही दिवसांतच जीव धोक्यात येऊ शकतो.

उपचारांविषयीची माहिती पारखण्यासाठी ऑक्सफर्डमध्ये ‘डिसर्न’ ही 16 प्रश्नांची पद्धत तयार झाली. माहितीचा आधार कोणता, ती कधीची आहे, उपचाराचे धोके सांगितले आहेत का, उपचार न घेतल्यास काय होईल हे सांगितले आहे का, असे प्रश्न त्यात आहेत. प्रेक्षकसंख्येचा त्यात कुठेही विचार नाही. त्यात मी स्वतःचा एक प्रश्न जोडेन, आणि माझ्या मते दीर्घकालीन आजारांत तोच सर्वांत महत्त्वाचा : हा उपाय कोणी करू नये, हे सांगितले आहे का?

रोजच्या सुईतून सुटका हवीशी वाटणे अगदी स्वाभाविक आहे, म्हणून तिच्याशी वाद घालू नका. व्हिडिओ घेऊनच दोघी डॉक्टरांकडे जा, मधुमेहाचा प्रकार कोणता ते विचारा आणि सी-पेप्टाइड तपासणी उपयोगी ठरेल का याचीही चौकशी करा. शरीर स्वतः किती इन्सुलिन तयार करते, याचा अंदाज तिच्यातून येतो.