डोव्हकॉट या मेल सर्व्हरवर जुना पासवर्ड माहीत नसताना युजरचा पासवर्ड कसा बदलायचा?

जुना पासवर्ड लागतच नाही. सर्व्हरवर साधारणपणे त्याचा फक्त हॅश (ज्यावरून मूळ पासवर्ड परत काढता येत नाही असं सांकेतिक रूप) असतो, त्यामुळे "जुनाच शोधून द्या" म्हणणाऱ्या साहेबांना सरळ नाही म्हणा आणि नवा लावून द्या.

आधी युजर कुठे ठेवलेत ते बघा. लिनक्सचेच असतील तर रूटने 'पासडब्ल्यूडी' आणि पुढे युजरचं नाव, झालं काम. मायएसक्यूएलच्या टेबलात असतील तर 'डोव्हअ‍ॅडम पीडब्ल्यू' ही कमांड एसएचए५१२-क्रिप्ट स्कीम (हॅश करायची पद्धत) देऊन चालवा. नवा पासवर्ड दोनदा विचारेल आणि एक लांबलचक ओळ देईल. ती महिरपी कंसातल्या स्कीमच्या नावासकट, जशीच्या तशी पासवर्डच्या रकान्यात टाका. अपडेट क्वेरीत 'व्हेअर' (कोणत्या युजरचा बदलायचा ती अट) विसरू नका, नाहीतर अख्ख्या ऑफिसचा पासवर्ड एकच होतो. मी करून बसलोय. त्या दिवशी डबा तसाच घरी परत नेला.

पासवर्ड बदलला तरी आधीपासून जोडलेलं आयमॅप सेशन (मेल वाचण्याचं कनेक्शन) चालूच राहतं. माणूस नोकरी सोडून गेला असेल तर 'डोव्हअ‍ॅडम किक' करून ते तोडा. ऑथ कॅशे (लॉगिनची माहिती तात्पुरती साठवणारा) चालू असेल तर तोही फ्लश करा, नाहीतर जुना पासवर्ड आणखी तासभर चालू शकतो.

आणि हो, युजर कामावरच असेल तर त्याच्या फोनमधला पासवर्ड लगेच बदलून घ्या. फोन जुन्याच पासवर्डने दार ठोठावत राहतो आणि फेल२बॅन (वारंवार चुकीचं लॉगिन करणारा आयपी अडवणारं सॉफ्टवेअर) लावलेलं असेल तर ऑफिसचा आयपीच ब्लॉक होतो. मग सगळेच विचारत येतात, "मेल का बंद?"